कोंबडीची तुपाची भाकर

आमच्या तामलवाडीत भिंतीपलीकडं राहणाऱ्या मावशी मला कधी नावानं हाक मारत नाहीत. भिंतीवर उलथणं आपटतात. आपटलं की समजायचं, त्यांच्या तांबड्या कोंबडीचं अंडं पुन्हा अडकलंय.

मी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन जाते आणि कोंबडीला पोटापर्यंत त्यात बसवते. मावशी शेजारी उकिडव्या बसून तिच्याबरोबर कुंथतात. "दे गं माय, जोर दे." सुनेच्या बाळंतपणातही त्या एवढ्या घामाघूम झाल्या नव्हत्या.

"मावशी, ती चरबीनं फुगलीय, म्हणून अंडं अडकतं. जनावरांच्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं. भाकरीवरचं तूप बंद करा."

"व्हय की," त्या दर वेळी म्हणतात. मग दमानं पुढं, "पन पोटुशीला कोरडी भाकर घालावी व्हय? लोक काय म्हनतील?"

कोंबडीचं ताट बघायला कोण लोक येतात, हे विचारायचं मी सोडून दिलंय.

परवा मात्र अंडं लई वेळ येईना. कोंबडीनं डोळे मिटले तशा मावशी कुंथायच्या थांबल्या. "न्हाय घालनार तूप. अणदूरच्या खंडोबाची आन," एवढंच पुटपुटल्या. शेवटी अंडं आलं. सुटले एकदाची, म्हणत मी घमेलं ओतायला गेले.

परत आले तर कोंबडी मावशींच्या मांडीवर, समोर तुपात कुस्करलेली भाकर.

"मावशी, आत्ताच आन घेतली ना?"

"ती पोटुशीसाठी व्हती," त्यांनी घास तिच्या चोचीपुढं धरला. "आता बाळंतीण हाय."