नानाखेड्याच्या फायबरचं उद्घाटन

"मॅडम, लाइट तो जा रही है!" ठेकेदार राठौर तिसऱ्यांदा म्हणाला.

लाइट जात होती, हे खरंच होतं. फ्रीगंजच्या एक्स्चेंजमध्ये आम्ही फायबरच्या एका टोकाला लाल उजेड लावला होता. नानाखेड्याच्या टोकाला माझा लाइनमन बाबूलाल वॉकीटॉकीवर "दिख रही है" असं सांगत होता. पण उजेड दिसणं वेगळं आणि त्या उजेडावरून शेकडो माणसांचं बोलणं जाणं वेगळं. माझ्यासमोर ओटीडीआर नावाचं मशीन होतं. ते केसाएवढ्या काचेच्या तंतूत उजेड सोडतं आणि जो परत येतो त्यावरून कुठे काय अडलंय ते रेघ काढून दाखवतं. ती रेघ निम्म्या वाटेवर धाडकन खाली पडली होती.

उद्घाटनाला तीन दिवस उरले होते.

मी तेव्हा सरकारी टेलिफोन खात्यात ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर होते. बाजार नुकता खुला झालेला. प्रायव्हेट कंपन्या येणार, या भीतीने आमचं खातं एकदम धावत सुटलं होतं. नानाखेड्याच्या कॉलनीत एक छोटं एक्स्चेंज बसवायचं, ते फायबरने फ्रीगंजला जोडायचं आणि वर्षानुवर्षं रांगेत बसलेल्या सगळ्यांना फोन द्यायचे, अशी योजना. कॉलनीतले देवधरकाका दर सोमवारी ऑफिसात यायचे. बँकेतून रिटायर झालेले. काकूंना हार्टचा त्रास, आणि रात्री-अपरात्री डॉक्टरला बोलवायचं तर काकांना सायकल काढावी लागायची.

"अगं शुभांगी, अर्जी दिली तेव्हा माझे केस काळे होते," ते म्हणायचे. हसून म्हणायचे, म्हणून जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनने दाखवलेल्या जागी खोदायला लावलं. केबल दीड मीटरहून खोल असायला हवी. ती फावड्याच्या दुसऱ्या घावालाच वर आली. खाली खडक लागला म्हणून राठौरच्या माणसांनी चर तिथेच सोडला होता आणि पाण्याच्या पाइपाला वळसा घालून, दुमडून केबल पुढे नेली होती. काचेचा तंतू फार वाकला की उजेड त्या वळणावर बाहेर सांडतो. आमचा तिथेच सांडत होता.

आता माझी लाज सांगते. चराची खोली मीच मोजली होती. पाच जागी. पाचही जागा राठौरने दाखवल्या होत्या. "यहाँ नापिए मॅडम, यहाँ छाँव है." मी छान सावलीत उभी राहून नापलं आणि सही केली.

मी तडक आमच्या डिव्हिजनल इंजिनिअरांकडे गेले. तिवारी साहेब. ते निमंत्रणपत्रिकेत स्वतःचं नाव किती मोठं छापलंय ते बघत होते.

"सर, चर पुन्हा खोदावा लागेल. महिना तरी जाईल."

"मंत्रीजी महीना भर रुकेंगे?"

"पण सर, फोन लागणार कसा?"

"मंत्रीजी को एक फोन लगाना है. फायबर से लगा कि ताँबे से, रिसीवर पर लिखा आता है क्या?" त्यांनी एक कागद पुढे सरकवला. काम पूर्ण झाल्याचा रिपोर्ट. "साइन कर दो."

मी नाही केली. खूप धैर्य होतं असं नाही. एक खोटी सही आधीच माझ्या नावावर होती, दुसरीची हिंमत होईना. मी टेबलावर जाऊन साधं पत्र लिहिलं: फायबर सदोष आहे, उद्घाटन करू नये. सोबत त्या रेघेचा कागद जोडला आणि आवक विभागात देऊन माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. संध्याकाळी साहेबांनी बोलावलं.

"आप मराठी लोग लिखते बहुत हो," ते म्हणाले. आणि माझं पत्र त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

मग जुगाड ठरला. मांडवाच्या मागे एक आटा चक्की, म्हणजे पिठाची गिरणी होती. तिच्याकडे जुन्या तांब्याच्या तारेवरचा फोन होता. बाबूलालने साहेबांच्या हुकमाने ती लाइन चक्कीवरून काढून थेट स्टेजवरच्या लाल फोनला जोडली. चक्कीवाले रामेश्वरजी कुरकुरले, पण त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

उद्घाटनाला सगळी कॉलनी लोटली. देवधरकाका इस्त्रीचा शर्ट घालून, काकूंना रिक्षाने घेऊन आलेले. मला बघून त्यांनी लांबूनच हात हलवला. मी मान खाली घातली.

तिवारी साहेबांनी माइकवर सांगितलं की आता काचेच्या तारेतून, प्रकाशाच्या वेगाने, मंत्रीजी भोपाळला बोलतील, आणि ते बोलणं सगळ्यांना ऐकू येईल. खरंच यावं म्हणून फोनच्या स्पीकरपुढे माइक धरला. मंत्रीजींनी हात पुढे केला, तेवढ्यात फोनच वाजला.

"लीजिए! भोपाल को हमसे ज़्यादा जल्दी है!" साहेब आनंदाने म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

"भैया," मांडवभर एका बाईचा आवाज घुमला, "म्हारा गेहूँ पिसई ग्या कईं?"

मंत्रीजी घसा साफ करून म्हणाले, "बहनजी, मैं मंत्री बोल रहा हूँ."

"जो भी हो. अबकी मोटो मत पीसजो. पिछली बार एक रोटी नी फूली."

पहिल्या रांगेतून रामेश्वरजी उठले आणि तिथूनच ओरडले, "जीजी, आधे घंटे में भेजता हूँ!"

मांडव हसून आडवा झाला. देवधरकाका मात्र हसत नव्हते. मंत्रीजीही नाही. "यह फायबर है?" त्यांनी विचारलं.

"सर, लाइन जेटीओ मॅडम की टीम ने जोड़ी है," तिवारी साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर, म्हणजे जेटीओ, म्हणजे स्टेजवर बोट दाखवायला सर्वांत सोयीची.

माझ्या पर्समध्ये त्या पत्राची शिक्का मारलेली प्रत होती. मी स्टेजवर चढून ती मंत्रीजींच्या हातात दिली. त्यांनी वाचली, घडी केली, खिशात घातली आणि भाषण न करता गाडीत बसले.

काकांना मी गेटपाशी गाठलं. "काका, खोली मी नीट मोजली नव्हती," म्हटलं. त्यांनी रिक्षाला हात केला. मग म्हणाले, "आता मोज," आणि काकूंना हात देऊन रिक्षात बसवलं.

पुढच्या आठवड्यात वरून हुकूम आला आणि पूर्ण चर उघडला. अशी चार वळणं निघाली. राठौरला स्वतःच्या खर्चाने सगळं पुन्हा करावं लागलं. रोज उन्हात मी चराच्या काठावर उभी असायचे. पावसाळ्याच्या तोंडावर कॉलनीत फोन लागले. उद्घाटन कुणीच केलं नाही. काकांनी पहिला फोन आमच्या तक्रार नंबरवर केला. तक्रार अशी की आवाज इतका स्पष्ट येतो, शेजाऱ्यांना तर ऐकू जात नसेल ना?

मला मेमो मिळाला: वरिष्ठांना डावलून मंत्र्यांना कागद दिल्याबद्दल. तिवारी साहेबांना प्रमोशन मिळालं, आणि ते भोपाळला ट्रेनिंग सेंटरवर गेले. विषय: फायबर केबल टाकण्याच्या योग्य पद्धती.

मी त्यानंतर वीस-बावीस वर्षं केबल टाकली. नियम एकच पाळला. खोली आपण बोट ठेवू तिथेच मोजायची. ठेकेदार दाखवतो तिथे ती नेहमी बरोबरच असते.