कागदावर न मावलेली बनुबाई

मशीनच्या खोलीत आकाराम चपला घालून कधी आला नाही. कार्डांचा गठ्ठा उचलला की आधी कडेवर फुंकर मारायचा, मग टेबलावर ठोकून सरळ करायचा. चहा बशीतून, उभ्यानंच. मशीन अडलं की त्याला 'बाई' म्हणायचा, सुरळीत चाललं की 'राणीसरकार'. फौज सोडून बरीच वर्षं झाली, तरी साहेबांना सलाम ठोकायचा.

भोकं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांचं आणि ती वाचून याद्या छापणाऱ्या मशीनचं काम तो फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात शिकला. साखर कारखान्यानं सभासदांची नोंद अशा कार्डांवर ठेवायला घेतली, तेव्हा कुपवाडच्या आकारामला बोलावणं आलं. बी. ए. मराठी झालेला सिद्धू त्याच्या जोडीला लागला आणि वर्षभरात त्याचा दोस्त झाला.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत उंब्रजहून बनुबाई आली.

"आवं, माज्या उसाला तुरा आला. समद्यांची तोड झाली. माजी तोडीची चिठ्ठी कुठं हाय?"

आकारामनं मशीनची छापील यादी पुढं केली. "मावशी, तुमचं नाव दोनदा पडलं हुतं. दुबार कार्ड काढायचा साहेबांचा हुकूम, म्या काढलं. तुमची तोड झालीया की."

"ऊस रानात हुबा हाय, आन् झाली म्हंता? चला, दावते!"

"मशीन खोटं बोलत न्हाई, मावशी."

"मग म्या बोलते व्हय रं?"

सिद्धूला हसू फुटलं. आकाराम हसला नाही. त्यानं काढून ठेवलेलं कार्ड आणलं, दुसऱ्यावर नीट बसवलं आणि खिडकीकडं धरलं. आडनावाच्या भोकांतून उजेड आला. नावाच्या भोकांतूनही आला. पुढं अंधार. तिथं भोकं जुळतच नव्हती.

पुढं नवऱ्याचं नाव होतं. एकीचा गुंडा, दुसरीचा धोंडीबा. कार्डांत दोघी शाबूत होत्या. यादीवर नवऱ्याच्या नावाला जागाच नव्हती, म्हणून कागदावर दोघींची एक बाई झाली होती आणि एकीची तोड दोघींची ठरली होती.

"म्हणजे मशीननं लपवलं?" सिद्धूनं विचारलं.

"न्हाई रं. जेवढं छाप म्हणलं तेवढं छापलं. कागदाम्होरं बघायचं काम माजं हुतं." तो बनुबाईकडं वळला. "चूक माजी, मावशी."

"चुकीचा गूळ हुतोय का, बाबा? टोळी धाड."

शेतकी खात्यात तो स्वतः गेला. त्याच आठवड्यात टोळी आली. ऊस थोडा पोकळ झाला होता, पण कारखान्यात गेला.

मग त्यानं मशीनचा वायरींचा जादा बोर्ड काढून टेबलावर घेतला. कार्डावरचं कुठलं अक्षर कागदावर कुठं उमटायचं, ते त्या वायरी ठरवत. पुरं नाव छापायचं तर सगळा बोर्ड नव्यानं लावायला हवा.

"आजून किती बनुबाया आत आडकल्यात, कुणाला ठावं," तो म्हणायचा. काम सुटल्यावर रोज थोडं लावायचा. सिद्धू वायरींचा नकाशा धरून बसायचा. शनिवारी आकारामनं पाठ सरळ केली. "ऱ्हायलेलं सोमवारी, गड्या."

रविवारी घरी दाढी करताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत संपलं.

सोमवारी फाटकावर सिद्धूला कळलं. तो आत जाऊन टेबलापाशी उभा राहिला. आडनावाच्या वायरी लागल्या होत्या, नावाच्याही. नवऱ्याच्या नावाच्या वायरींचं एक टोक खोचलेलं होतं. दुसरं मोकळं.