कटरला बांधलेला धागा

साइटवर माझं तोंड फटकळ म्हणून प्रसिद्ध होतं. गळ्यात दुपट्टा लोंबकळत ठेवून मशीनवर वाकणारा दिसला, की मी त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचो. पण अकोल्याच्या त्या तीन मजली कामावर सेंट्रिंगचे, म्हणजे स्लॅबचे लाकडी साचे बांधणारे मिस्त्री म्हणून माझे भाऊजी आले आणि माझी बोलती बंद झाली. थोरल्या बहिणीचा नवरा, नांदगाव खंडेश्वरचा माणूस, हात इतका साफ की त्यांनी कापलेल्या प्लायच्या सांध्यात कागदही शिरत नसे. मी सुपरवायझर असेन; त्यांच्यासमोर मात्र लग्नात त्यांचे जोडे लपवणारा साळाच होतो.

दसऱ्याला आम्ही अवजारं पुसून फळीवर मांडली. हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत, आमच्याकडे तिला कटरच म्हणतात, तिची पूजा भाऊजींनी स्वतः केली. या कटरच्या पात्याला खालून एक झाकण असतं, गार्ड. कापताना ते मागं सरकतं आणि मशीन उचललं की स्प्रिंगनं खटकन पातं झाकतं. पात्याला कुंकू लावता यावं म्हणून भाऊजींनी गार्ड वर ओढला आणि लाल धाग्याचे पाच-सात वेढे देऊन तसाच मुठीशी बांधून टाकला. त्यांनी हात जोडले. मीही जोडले.

काम सुरू झालं तरी धागा तिथंच राहिला. पूजेचा धागा आपल्या हातानं कोण तोडणार? शिवाय गार्ड मध्ये अडकत नाही म्हणून अरुंद पट्ट्या झरझर निघत होत्या, सगळे खूश होते. माझं मात्र लक्ष दुसरीकडे लागेना. काप संपला की बटण सोडायचं आणि मशीन उजव्या मांडीशी धरून पुढची खूण शोधायची, ही भाऊजींची जुनी सवय. बटण सोडलं तरी पातं लगेच थांबत नाही. ते उघडं पातं मांडीपासून चार बोटांवर फिरत राहायचं आणि त्याचा आवाज विरेपर्यंत मी जिन्यात उभा राहून घाम पुसायचो. दिवसातून किती वेळा, ते मी मोजणं सोडून दिलं होतं.

एकदा धीर करून म्हटलं, "भाऊजी, थो धागा काढून टाका ना. गार्ड उघडाच राहून राहिला."

"पूजेचा हाय थो," ते सगळ्यांसमोर हसून म्हणाले. "तुटन तवा तुटन. तुले काहून एवढा भेव वाटते, साळेबुवा?"

माणसं हसली. मीही हसलो, याचाच मला आजही संताप येतो. दुसरा कुणी मिस्त्री असता तर मी तो धागा दातानं तोडला असता.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, दुपारी, भाऊजींनी एक काप संपवला, मशीन नेहमीसारखं मांडीशी आणलं आणि एक पाऊल मागं टाकलं. पायाखाली प्लायचा सुटा तुकडा होता. तो सरकला, तोल गेला, हात आत वळला आणि फिरतं पातं मांडीत शिरलं. ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते खाली बसले. मी कुणाच्या तरी दुपट्ट्यानं मांडी करकचून बांधली, चौघांनी त्यांना उचलून खाली गाडीत नेलं. मी मागं राहिलो. प्लग काढला, खिशातल्या चाकूनं धागा कापला, गार्ड खटकन बंद झाला. मग पळत जाऊन गाडीत बसलो.

जीव वाचला. पाय मात्र गुडघ्यात पूर्वीसारखा वाकत नाही.

ताई नांदगावहून आली ती थेट दवाखान्यात. भाऊजी शुद्धीवर होते, डोळे उघडे. ती मला म्हणाली, "मशीनीचं झाकण लागेल होतं ना रे?"

"होतं," मी म्हणालो.

"मंग यायचीच चूक," ती भाऊजींकडे बघून म्हणाली आणि रडायला लागली.

आजही ती चिडली की त्यांना तेच ऐकवते, तुमाले जरा ध्यान देऊन काम करता येत नव्हतं का. मी समोर बसलेला असतो. भाऊजींना सगळं ठाऊक आहे. ते तिला काहीच सांगत नाहीत, फक्त पाय लांब करतात आणि मला म्हणतात, "चहा घे, थंडा होऊन राहिला."