मनकर्णाबाईचं अपील

मनकर्णाबाई आमच्या वकीलसाहेबांकडे आली ती खालच्या कोर्टात हरून, आणि हसत. त्रेपन्न सालची गोष्ट. मी तेव्हा साहेबांचा मुन्शी होतो.

बाई बुधवारी मोहल्ल्यातली कोष्टीण. त्यांच्यात बायका सूत गुंडाळून कांड्या भरत, माग पुरुष चालवत. ही दोन्ही करी. लुगड्याचा काठ असा विणायची की गांधीबागेतले कापडाचे व्यापारी त्यावरून बोट फिरवत बसत. एकदा अशाच एका व्यापाऱ्यापुढे तिचा नवरा नत्थूजी छाती फुगवून म्हणाला, "हा काठ माह्या हातचा हाये." बाई शेजारीच उभी होती. ती तिथूनच तडक माहेरी गेली, चार गल्ल्या पलीकडे.

सहा महिने परतली नाही, तेव्हा नत्थूजीने दावा लावला : बायकोने नांदायला यावं. कोर्टाने म्हटलं, काठ कुणाच्या हातचा, हे घर सोडायचं कारण होत नाही. नांदायला जा.

"पण वरच्या कोर्टात जाता येते म्हणतात न?" तिने साहेबांना विचारलं.

"येतं. जिल्हा न्यायाधीशांकडे, तीस दिवसांत. नकला मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत."

"मंग मी त्याईले सारं सांगीन."

"तिथं सहसा नवी साक्ष होत नाही, बाई. खाली जे कागदावर आलं तेच वाचून चूक झाली का ते बघतात. बोलायचं ते मी बोलणार."

"तुमाले काठातलं काही समजते काय?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

अपील दाखल झालं. पण नुसत्या अपिलाने खालचा हुकूम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. आम्ही मागितली, ती नामंजूर झाली. आता बाई नांदायला गेली नाही, तर बापाने तिच्या नावावर केलेली खोली जप्त होण्याची भीती होती. साहेबांनी हे चाचरतच सांगितलं.

बाई माझ्याकडे वळली. "मुन्शीजी, तो हुकूम वाचा बरं."

मी वाचला.

"नांदाले सांगतलं. मागावर बसाचं कुठं लिवलं हाये?"

मी पुन्हा वाचला. कुठेच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याच्या घरी गेली. पुढचं मला नत्थूजीनेच सांगितलं. सकाळी भाकरी टाकून झाल्या की ही मागासमोर चटई अंथरून बसे आणि त्याचं विणणं बघे. "धागा चुकला," म्हणे, आणि गप्प.

"कांड्या तरी भर न वं!"

"हुकमात नाही."

शेजारणी डोकावून विचारत, "काय करून राहिली वं?"

"नांदून राहिली."

महिनाभराने गांधीबागेतल्या त्या व्यापाऱ्याने लुगडी परत केली आणि काळजीने विचारलं, "नत्थूजी, हात दुखते काय तुमचा?"

अपिलाची तारीख आली. साहेब बोलायला उठणार, तोच नत्थूजी पुढे झाला. "साहेब, बाईचं अपील मंजूर करून टाका."

त्याच्या वकिलाने त्याची बाही ओढली. न्यायाधीशांनी मान वर केली. "खाली तुम्हीच जिंकलात ना?"

"जिंकलो न साहेब. थेच तर भोगून राहिलो."

दोन्ही बाजू राजी असतील तर तडजोड लिहून द्या, न्यायाधीश म्हणाले. व्हरांड्यात बाईने मला मजकूर सांगितला. खालचा हुकूम रद्द. राहायचं कुठे ते ती ठरवील. आणि काठ तिच्या हातचा, हे नत्थूजीने त्या व्यापाऱ्यापुढे सांगावं. शेवटचं कलम साहेब खोडणार होते. बाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की टाक वरच राहिला. न्यायाधीशांनी ते कलम दोनदा वाचलं, मिशीत हसले आणि तडजोडीप्रमाणे निकाल दिला.

बाहेर नत्थूजीने खाली बघत विचारलं, "आता येतं काय घरी?"

"आता कसं इचारलं! पाहू."

पंधरा दिवसांनी ती गेली, माहेरचा माग बैलबंडीत घालून. निकालाची नक्कल द्यायला मी गेलो, तेव्हा दोन माग समोरासमोर लागलेले होते आणि काठाला जांभळा लावायचा की हिरवा, यावर जोरात भांडण चाललं होतं. नत्थूजी मला बाजूला घेऊन पुटपुटला, "मुन्शीजी, ह्या निकालावर हायकोर्टात जाता येते काय गा?"

"नाही. राजीखुशीच्या निकालावर अपील नसतं."

 तो "चहा तरी घ्या," म्हणाला, आणि स्वतःच चूल पेटवायला गेला.