थोरलीचा आवाज

आमच्या शेजारच्या नानांनी आयुष्यात कुणाच्या कानात काही सांगितलं असेल, तर ते पलीकडच्या आळीलाही ऐकू गेलं असणार. उत्रोलीत आमचं आणि त्यांचं अंगण एकाच ठेंगण्या दगडी गडग्याने वेगळं झालेलं. मी भोरच्या कॉलेजात कारकून. सकाळी दात घासत बाहेर आलो की गडग्यापलीकडून हाक यायची, "अवो कारकून! च्या झाला का?" मधे अंतर हातभर, आवाज मात्र नदीपलीकडच्या माणसाला द्यावा तसा. एकदा त्यांनी माझ्या मेहुणीसाठी एक स्थळ सुचवलं. "कुनाला बोलू नका बरं का, अजून कच्चं हाये," असं बजावलंही. संध्याकाळी साखर आणायला गेलो तर वाण्याने पुडी बांधता बांधता विचारलं, "मग, मुलगा काय करतो म्हणालात?"

या आवाजाचं मूळ त्यांच्या दारातच उभं असायचं. सहा चाकी जुना ट्रक. तो नानांनी लग्नाच्या आधी घेतला, म्हणून तो 'थोरली', आणि मागून आलेल्या काकू 'धाकटी'. हे नामकरण नानांचं. काकूंनी ते मनावर न घेता उलट चांगलं वापरून घेतलं. "थोरलीला टायर पायजे म्हनलं की लगीच पुन्याला पळत्यात. मला साडी पायजे तर दिवाळी येऊ दे म्हनत्यात," असं त्या माझ्या बायकोला सांगायच्या आणि दोघी पोट धरून हसायच्या. थोरलीचा सायलेन्सर जागोजागी फुटलेला. त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा, वर तार, तारेवर अजून पत्रा. असल्या गाडीत जन्म काढलेला माणूस हळू कुठून बोलणार?

पण त्या आवाजाचा लोकांना उपयोगही होता. नाना पालीच्या पुढच्या वाड्यांतून भात भरून गिरणीवर आणायचे, जाताना पेंड, कौलं, सिमेंट, जे असेल ते न्यायचे. थोरली दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. वाड्यांतल्या बाया आवाज आला की पोत्यांची तोंडं शिवायला घ्यायच्या. आमच्या काकू तर त्या आवाजावर स्वयंपाक करायच्या. संध्याकाळी म्हसोबाच्या वळणावर थोरली गुरगुरली की त्या भाकरी तव्यावर टाकायच्या. नाना गाडी लावून, पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगून ताटात. "उभ्या जल्मात गार भाकर खाल्ली न्हाई म्या," हे नाना सगळ्यांना ऐकवायचे. दुसरे लोक बंगला सांगतात, जमीन सांगतात, नाना हे सांगायचे.

मग आरटीओकडे पासिंगची वेळ आली आणि थोरली नापास झाली. धूर फार, आवाज फार. साहेबांनी सांगितलं, दुरुस्त करून आणा, नाहीतर रस्त्यावर काढू नका. गॅरेजवाल्याने तर हातच टेकले. सगळं नवीन टाकायचं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त, त्यापेक्षा नाना, भंगारात घाला, म्हणाला. नाना घरी आले आणि पहिल्यांदाच काही न बोलता ओट्यावर बसून राहिले. मला तेव्हा खरंच भीती वाटली. नानांच्या हाताला दुसरं कुठलं काम मला दिसेना, आणि थोरलीशिवायचे नाना तर डोळ्यांपुढेच येईनात. पुण्याला दिलेली त्यांची लेक म्हणाली, मी देते पैसे. त्यावर मात्र त्यांचा आवाज परत आला. "लेकीच्या पैशावर गाडी चालवू? त्यापरास एसटीनं हिंडंन! माजं बजट म्हंजी माजा खिसा. त्यात बसंल ती दुरुस्ती."

खिशात बसणारी दुरुस्ती शोधायला आम्ही पुण्याच्या भंगार बाजारात गेलो. मला सोबत नेलं ते पाट्या वाचायला, पण वाचायची वेळच आली नाही. नाना एकेक जुना सायलेन्सर उचलायचे, कलिंगडासारखा बोटाने वाजवून बघायचे, मग एका टोकाला तोंड लावून फुंकायचे आणि दुसऱ्या टोकाला मला हात धरायला लावायचे. "वारं लागलं का, कारकून?" लागलं म्हटलं तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी एका मोडीत निघालेल्या बसचा सायलेन्सर आणि तिचाच एअर फिल्टरचा डबा त्यांच्या मनात भरला. दुकानदाराने विचारलं, दोन्ही कशाला? नानांनी भर बाजारात उत्तर दिलं, "अवो, गाडीचं मानसावानीच आस्तं! नाक मोकळं पायजे आन् खालची वाट मोकळी पायजे. मदलं समदं आपसूक चालतं!" आजूबाजूची दहा दुकानं हसली. दुकानदार इतका हसला की घासाघीस करायचं विसरला, आणि आम्ही जड सायलेन्सर हलक्या मनाने घेऊन निघालो.

बसवायचं काम भोरच्या एका ओळखीच्या वेल्डरने केलं. जुन्या पाइपाला नको तिथे वळणं होती, ती काढून सरळ पाइप टाकला. सांधे नीट आवळले, म्हणजे मधूनच धूर फुसफुसायला नको. जुना फिल्टर उघडला तर आत लाल माती, भाताचं तूस आणि चिमणीचं एक पीस. वेल्डर म्हणाला, नाना, ही गाडी इतकी वर्षं श्वास तरी कशी घेत होती? नवा डबा त्यांनी केबिनच्या मागे उंच बसवला आणि त्याचं तोंड टपाच्या वर नेलं, म्हणजे चाकांची धूळ आत ओढली जायला नको. तरी तुसाचा प्रश्न उरलाच. सुगीत गिरणीच्या आवारात तूस सगळीकडे उडतं, आणि आतली कागदी जाळी सारखी बदलणं खिशात बसणारं नव्हतं. तोंडाला फडकं बांधावं, असं नानांच्या डोक्यात आलं. कल्पना चांगली होती. फडकं चुकलं.

त्यांनी काकूंच्या ट्रंकेतलं एक जुनं लुगडं काढलं आणि चांगलं दुहेरी करून फिल्टरच्या तोंडावर आवळून बांधलं. मी शेजारी बसलो होतो. सपाटीला थोरली बरी चालली. चढ लागला तशी धापा टाकायला लागली, मागे काळाकुट्ट धूर, आणि अर्ध्या चढावर चक्क बसली. "दम लागला तिला," नाना म्हणाले, जसं काही यात त्यांचा काही हातच नाही. घरी आल्यावर ते लुगडं काकूंच्या आईने दिलेलं होतं, हे उघडकीला आलं. काकू कमरेवर हात ठेवून थोरलीसमोर उभ्या राहिल्या. "माज्या आईच्या लुगड्यानं सवतीचं नाक दाबलं, लई चांगलं केलं!" मग जरा वेळ त्या डब्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आवो, तिला पदर द्यायचाच तर वायलचा द्या की. त्यातनं वारा तरी जाईल. येवढ्या जाड कापडात मानूस गुदमरंल, ही तर गाडी."

संध्याकाळपर्यंत काकूंनी जुन्या वायल साडीचं झाकण शिवलं. कडेने नाडी, ओढली की डब्याच्या तोंडाला बरोबर बसायचं. एक धुवायला आणि एक घालायला, असं जोडीने शिवलं. जांभळ्या फुलांचं कापड. लांबून बघितलं तर थोरलीला कुणी टोपडं घातलंय असंच वाटायचं. दुसऱ्या दिवशी तिने तोच चढ असा काही घेतला, की नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि तिची कळ मला आठवडाभर पुरली.

पासिंगच्या साहेबांनी आधी टोपडं बघितलं, मग धूर बघितला, मग आवाज. सगळं नियमात बसलं. "चालू आहे ना गाडी?" त्यांनी थट्टेने विचारलं. "व्हय सायेब!" नाना गरजले. साहेब दचकून मागे सरकले आणि म्हणाले, "गाडीचा आवाज कमी झाला नाना, आता तुमचा कधी करताय?" येताना नानांनी सगळ्यांसाठी पेढे घेतले. पहिला पेढा थोरलीच्या बॉनेटवर ठेवला.

गंमत पुढेच झाली. थोरली इतक्या हळू चालायला लागली की ती आल्याचं कुणाला कळेना. पालीच्या पुढच्या वाडीत संतोष नावाचा एक शेतकरी, नानांचं जुनं गिऱ्हाईक, घरात चहा पीत गाडीची वाट बघत बसला आणि गाडी त्याच्या दारावरून निघून गेली. तो मोटरसायकलवरून मागे धावत आला. "नाना, न सांगता कुठं चाललाय?" नाना म्हणाले, "सांगत सांगतच आलोय की!" पण ते सांगणं आता कुणाला ऐकू जात नव्हतं. हॉर्न वाजवून बघितला तर म्हशी उधळल्या आणि शाळेतल्या बाई बाहेर आल्या. संध्याकाळी नाना दारात येऊन उभे राहिले तेव्हा काकू चूल सोडून शेंगा निवडत होत्या. "आगं बया! चोरावानी काय येता?" पीठही मळलेलं नव्हतं. नानांनी त्या दिवशी सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना. मला म्हणाले, "कारकून, म्या आलो तरी आल्यावानी वाटंना."

एका सकाळी ठोकल्याचा आवाज आला म्हणून मी गडग्यावरून वाकून बघितलं. नाना छिन्नी-हातोडा घेऊन थोरलीच्या खाली. "पासिंग झालंय. आता दोन-चार भोकं पाडतो," खालून आवाज आला. "लई न्हाई. वळनावर ऐकू जाईल येवढीच." इतक्या खटपटीने आणलेला सायलेन्सर! मी काही बोलणार तेवढ्यात काकू बाहेर आल्या. हात पिठाचे. त्या थोरलीजवळ खाली बसल्या आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "भोकं पाडू नका."

"आँ?"

"आँ करू नका. आता येतं ऐकू तुमाला." मग हाताचं पीठ झटकत म्हणाल्या, "काल जेवताना तुमी मला मीठ मागितलं. वरडून न्हाई, नीट मागितलं. लगीन झाल्यापसनं तुमी माज्याशी गाडीतनंच बोलत आला. काल पयल्यांदा खाली उतरून बोलला."

मी गडग्याआड मान खाली घातली. माझे डोळे भरून आले होते आणि ते नानांना दिसले असते तर सगळ्या आळीला कळलं असतं. मग नाना सरपटत बाहेर आले, छिन्नी पेटीत टाकली आणि म्हणाले, "आन् भाकरीचं काय?" हे त्यांनी हळू विचारलं. त्यांना जमत होतं तेवढं हळू.

भाकरीचं उत्तर मोबाईलमध्ये निघालं. म्हसोबाच्या वळणावर रेंज असते. तिथून मिस कॉल द्यायचा. नंबर दोघांच्या फोनमध्ये भरायचं काम माझ्याकडे आलं. नानांच्या फोनात मी 'धाकटी' घातलं. काकूंना विचारलं, तुमच्यात काय नाव घालू? त्यांनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नव्हतं. फोनच्या पडद्यावर रोज ते उजळलेलं बघायचं, म्हणजे घेतल्यासारखंच. त्या लाजल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "थोरली घाला की. तीच तर येती." नानांनी नियम केला, "वाजला की उचलायचा न्हाई. भाकर टाकायची. बोलत बसलं की करपती." संतोषसारख्या वाडीवाडीतल्या माणसांनाही मिस कॉल सुरू झाले. काकूंची टोपडी आलटून पालटून दोरीवर वाळत राहिली. आणि नानांचा आवाज हळूहळू इतका खाली आला, की शेजारी काय चाललंय हे कळेनासं झालं, म्हणून माझी बायको कुरकुरायला लागली.

पुढे नानांचे डोळे अधू झाले. त्यांनी थोरली संतोषला दिली. देताना टोपडी दिली, ती कशी धुवायची ते सांगितलं, आणि स्वतःचा मोबाईलही गाडीत ठेवला. "ह्यो गाडीचा फोन हाये, माजा न्हाई. गिरनीवर जाताना वळनावर धाकटीला मिस कॉल द्यायचा आन् हितं जेवून फुडं जायचं." संतोषने ते पाळलं. नाना आता काकूंच्या शेजारी पाटावर बसून फोन वाजायची वाट बघायचे. वाजला की, "उचलू नगं," असं अगदी कानात सांगितल्यासारखं म्हणायचे. मला गडग्यापलीकडे ते ऐकू येत नसे. काकूंनीच नंतर सांगितलं.

गेल्या श्रावणात नाना गेले. थोडं आजारपण झालं, फार त्रास झाला नाही. तेरावा होईपर्यंत संतोषने गाडी या रस्त्याला आणली नाही. त्यानंतर एका संध्याकाळी मी काकूंच्या ओट्यावर बसलो होतो. चूल पेटलेली होती, तवा रिकामा होता. तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला. पडद्यावर नाव उजळलं, 'थोरली'. माझा हात आपोआप फोनकडे गेला.

"उचलू नका," काकू म्हणाल्या. फोन वाजायचा थांबला. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि परात पुढे ओढली. "आली बया. बसा कारकून, तुमी बी खा. गरम हाये."