चार नसलेली यादी

मी तैवानमधल्या शिनचू शहरात बावीस वर्षं चिपमधली कुलपं बनवतो. पेंग म्हणजे पक्कं कुलूप, असं ऑफिसात म्हणतात. घरी बायको म्हणते, हा गृहस्थ स्कूटरची किल्ली स्कूटरलाच ठेवून येतो. दोन्ही खरं आहे.

यंदाची चिप छातीत बसवायच्या, हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रासाठी होती. बॅटरी दहा वर्षं पुरायला हवी आणि बाहेरच्या कुणाला यंत्राशी खेळता येऊ नये. त्यासाठी चिप प्रत्येक निरोपाला कुणालाही ओळखता येणार नाही असा आकडा जोडते. माझ्या चिपला वीज इतकी कमी लागली की साहेबांनी वर्षअखेरच्या मेजवानीत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. विभागप्रमुख आता मीच, हे मी डुकराच्या तंगडीचा दुसरा तुकडा वाढून घेताना ठरवूनही टाकलं.

चिप कारखान्यात जायला तीन दिवस असताना चानताई टेबलाशी आली. आमची कुलपं फोडून बघणं हे तिचं काम.

"पेंगदादा, तुझी चिप मरणाला घाबरते का रे?"

"म्हणजे?"

"दोन लाख आकडे तपासले. एकातही चार नाही."

आमच्या भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार जवळपास एकच. चाचणीपुरती म्हणून मी आकड्यांची एक यादी हातानं लिहिली होती, मनाला येतील तशी. आणि मनाला चार कसा येणार? खरे आकडे काढणारा भाग तेवढ्यापुरता बंद ठेवला, तो सुरू करायचा राहूनच गेला. माझी गाजलेली वीजबचत ती हीच.

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही. म्हटलं, आधी तुला सांगावं."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा आठवलं ते पद, पेशंट नंतर. त्याची लाज अजून वाटते. त्याच तिरीमिरीत उठलो आणि साहेबांपुढे सगळं ओकलो.

"दुरुस्तीला किती दिवस?" साहेबांनी विचारलं.

"चार."

"अरे, शुभ बोल! पाच घे."

चिप उशिरा गेली, बॅटरी आठ वर्षांवर आली आणि प्रमुख चानताई झाली. घरी मी बायकोला ऐटीत सांगितलं, "मला ते पद नकोच होतं."

"चूक तू स्वतः जाऊन सांगितलीस ना?"

"हो."

"मग पुरे झालं. जेवायला बस."

मला रडू आलं, आणि कांदा तर चिरायला घेतलेलाही नव्हता.