बेल कुणाला ऐकू आली?

थोरल्या सिस्टरना ऐकू येईनासं झालंय, अशी कुजबुज वॉर्डात सुरू झाली तेव्हा सगळ्यात आधी त्यांचाच त्यावर विश्वास बसला.

पेशंटनं पलंगाजवळचं बटण दाबलं की टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून बेल वाजायची आणि सिस्टर उठायच्या. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. मग त्याच कॉम्प्युटरवर आणखी एक प्रोग्रॅम टाकला, डॉक्टरांच्या मोबाइलवरही निरोप जावा म्हणून. तेव्हापासून डॉक्टर मधूनच जिना उतरून यायचे.

"सिस्टर, खिडकीजवळच्या आजींनी बेल दिली. वाजली नाही?"

"नाही हो."

"मला तर आली."

कधी मात्र बेल खणखणीत वाजायची, आणि तेव्हा डॉक्टरांना पत्ता नसायचा. सिस्टर चक्रावून गेल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, मला हल्ली कमी ऐकू येतं का?"

"माझं तर तुला आजवर कधीच ऐकू आलं नाही."

त्यांना हसू आलं नाही. कान तपासून घेतले, तर ते ठणठणीत निघाले. आता तर त्या जास्तच घाबरल्या. कान ठीक आहेत, म्हणजे डोक्यातच काही बिघडलं की काय? डब्याच्या झाकणाच्या आवाजात बेल बुडायला नको म्हणून त्या ड्यूटीवर जेवायचंही टाळू लागल्या.

अशात आजी पडल्या. बटण दाबून वाट पाहून कंटाळल्या आणि एकट्याच उठायला गेल्या. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, मोबाइल बाहेर ठेवलेला. सिस्टर चार पावलांवर बसलेल्या, पण बेल वाजलीच नव्हती. मनगट मुरगळण्यावर निभावलं, तरी सिस्टर औषधांच्या खोलीत जाऊन रडल्या.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. त्यांनी बटण दाबलं, टेबलावर बेल वाजली. पुन्हा दाबलं, तर टेबल गप्प आणि शेजारी उभ्या डॉक्टरांचा मोबाइल वाजला.

"बटणाचा निरोप एकच येतो," बाई म्हणाल्या, "आणि घ्यायला दोन प्रोग्रॅम टपलेले. ज्याच्या हाती लागला तो घेऊन जातो, दुसऱ्याला कळतसुद्धा नाही."

"मग माझे कान?"

"कानांचा काय संबंध?"

बाईंनी मध्ये तिसरा प्रोग्रॅम बसवला. आता निरोप तो एकटाच घेणार आणि दोघांनाही एकेक प्रत देणार. बटण दाबताच टेबल आणि मोबाइल दोन्ही एकदम वाजले.

सिस्टर लगबगीनं आजींकडे गेल्या. "आजी, माझी चूक नव्हती हो. तुमचा निरोप दुसराच घेऊन जात होता."

"दुसरा कोण?"

"प्रोग्रॅम. एक माझा, एक डॉक्टरांचा. आता तिसरा आणलाय."

आजींनी पट्टी बांधलेला हात पोटाशी धरला आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुला ऐकू येतं ना, बाळ?"

"येतं की!"

"मग आली का नाहीस?"

सिस्टर स्टूल ओढून आजींच्या पलंगाशी बसल्या.